विंडोजची अडगळ आणि आपली मराठी

विंडोजमधून एखादी गोष्ट काढायची म्हणजे काय, तर कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं, यादीत नाव शोधायचं आणि 'रिमूव्ह' दाबायचं. दिसायला एवढंच. पण पाच-सात वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की जोडणं सोपं असतं, काढणं महाकठीण. जोडताना फक्त आपलं काम माहीत असलं तरी चालतं. काढताना मात्र त्या वस्तूवर आणखी कोण कोण विसंबून आहे हे माहीत असावं लागतं, आणि ते सहसा कुणालाच माहीत नसतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या मंडळींचे मला फोन सुरू झाले. "तू कॉम्प्युटरवाला ना? मग सांग, जुनं काय काय काढू?" (घरात एक आयटीवाला असला की तो सगळ्या खानदानाचा सर्व्हिस इंजिनिअर होतो, हे तुम्हाला सांगायला नको.) उत्तर द्यायचं म्हणून जरा मागे जाऊन वाचायला लागलो आणि दोन-तीन वीकेंड त्यातच गेले. त्यातलं जे हाती लागलं ते इथे लिहितोय.

सुरुवात इंटरनेट एक्सप्लोररपासून करू, कारण 'काढता येतं का' या प्रश्नावरून एवढी मोठी कोर्टबाजी दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरची झाली नसेल. मे १९९८ मध्ये अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं असं की एक्सप्लोरर हा विंडोजचाच अवयव आहे, काढला तर विंडोज लंगडी होईल. प्रिन्स्टनचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहून कोर्टाला दाखवलं की तो काढता येतो. मायक्रोसॉफ्ट म्हणाली, तुम्ही फक्त दार बंद केलंत, खोली तशीच आहे. गंमत म्हणजे दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. शेन ब्रुक्स नावाच्या माणसाने तर '९८लाइट' काढून विंडोज ९८ मध्ये चक्क विंडोज ९५ चा जुना एक्सप्लोरर बसवायची सोय करून दिली! पुढे तडजोड झाली आणि २००२ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक १ मध्ये एक्सप्लोरर लपवायचा पर्याय आला. लपवायचा हं, काढायचा नाही. १५ जून २०२२ ला विंडोज १० वरचा एक्सप्लोरर ११ निवृत्त झाला, फेब्रुवारी २०२३ मध्ये तो कायमचा बंद केला गेला, आणि तरीही त्याचं आतलं इंजिन विंडोज ११ मध्ये आजही आहे, कारण त्याच्यावर विसंबलेले प्रोग्रॅम आहेत. २५ वर्षांत एक वस्तू पूर्ण काढता आली नाही.

ही झाली अमेरिकेची गोष्ट. आपल्याकडे हा प्रकार कोर्टात नाही, दुकानात चालायचा. मी सहावी-सातवीत असताना जळगावला गोलाणी मार्केटमध्ये वडिलांबरोबर जायचो. तिथे असेंबल केलेल्या मशीनवर 'लाइट एक्सपी' टाकून मिळायची. १२८ एमबी रॅमच्या डबड्यावर एक्सपी पळवायची म्हणजे तिच्यातली चरबी छाटायलाच हवी. त्यासाठी डिनो नुहागिच या गृहस्थाने केलेलं 'एनलाइट' नावाचं एक फुकट अवजार होतं. एक्सपीची सीडी त्याच्यात घालायची, नको त्या वस्तूंवर खुणा करायच्या, की बारकी सीडी तयार. कुणी मेसेंजर काढायचं, कुणी मूव्ही मेकर, कुणी जुने मॉडेमचे ड्रायव्हर. त्याच यादीत 'भाषा' असाही एक भाग होता. इंग्रजी सोडून बाकीच्या भाषांवर खूण केली की चांगली जागा वाचायची.

आता त्या 'बाकीच्यां'त आपण होतो.

इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल, पण कंटाळू नका. फेब्रुवारी २००० मध्ये आलेली विंडोज २००० ही देवनागरी युनिकोडमध्ये नीट दाखवणारी पहिली विंडोज. तिच्याबरोबर 'मंगल' हा फॉन्ट आला. तो आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या प्रा. र. कृ. जोशींनी (१९३६–२००८) घडवलेला. २००१ च्या एक्सपीतही ही सोय होती, पण झोपलेली. रीजनल सेटिंग्जमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकटीत खूण करायची, मग मशीन एक्सपीची सीडी मागायचं, मग फाइली कॉपी व्हायच्या, मग रीस्टार्ट. तोवर 'कि' मधली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं हात सोडून उभी राहायची. ज्याच्याकडे छाटलेली सीडी, त्याच्याकडे त्या फाइलीच नसायच्या. म्हणजे त्या काळात मराठी ही एक्सपीतली ऐच्छिक वस्तू होती. २००७ च्या व्हिस्टापासून ती कायमची आत आली.

पण खरं सांगायचं तर त्या लाइट एक्सपीबद्दल कुणी ओरड केल्याचं मला आठवत नाही. कारण तेव्हा मराठी छापणारे लोक युनिकोड वापरतच नव्हते! त्यांची मराठी वेगळ्याच वाटेने यायची. मला वाटतं या सगळ्या प्रकरणाची खरी ग्यानबाची मेख इथेच आहे.

१९८० च्या दशकात आयआयटी कानपूरला भारतीय लिप्या संगणकावर आणायचं काम सुरू झालं. ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. त्यातून 'जिस्ट कार्ड' निघालं. पीसीच्या स्लॉटमध्ये ते खोचलं की डॉसमधल्या वर्डस्टार किंवा डीबेसमध्ये मराठी टाइप करता यायचं. त्यामागचं प्रमाण म्हणजे 'इस्की', जे १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक झालं. इस्कीची कल्पना फार शहाणपणाची होती. अक्षर कसं दिसतं ते साठवायचं नाही, कसं उच्चारतात ते साठवायचं. 'कि' म्हणजे आधी क, मग वेलांटी. दाखवताना वेलांटी डावीकडे नेणं हे कार्डाचं काम.

मग विंडोज आली. ३.१ बरोबर १९९२ मध्ये ट्रूटाइप फॉन्ट आले आणि सगळं सोपं झालं, जरा जास्तच सोपं. इंग्रजी फॉन्टमध्ये अक्षरांसाठी साधारण दोनशे खाने वापरता येतात. त्या खान्यांत ए-बी-सीच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे भरायचे. अर्धा ग एका खान्यात, काना दुसऱ्यात, रफार तिसऱ्यात. विंडोजला वाटतं की आपण इंग्रजी दाखवतोय आणि वाचणाऱ्याला दिसते मराठी. विंडोजला फसवूनच मराठी उभी राहिली म्हणा ना. ना कार्ड लागत, ना विंडोजची परवानगी. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, सी-डॅकचे डीव्ही-टीटी सुरेख आणि योगेश, सगळे याच जातकुळीतले. मात्र कुठला तुकडा कुठल्या खान्यात ठेवायचा हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं. त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये टाकला की डोक्यावर टिंबं-चिन्हं घेतलेल्या युरोपीय अक्षरांची जत्रा भरायची.

याला जुगाड म्हणून नाक मुरडणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. जळगाव-धुळ्यातल्या लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, निवडणुकीची पत्रकं, गावोगावच्या कवींचे संग्रह, सगळं या फॉन्टांवर छापलं गेलं. मायक्रोसॉफ्टची वाट बघत बसलो असतो तर ती दहा वर्षं कोरी गेली असती.

आता बघा, या मराठीखालचे टेकू कसे एकेक करून निघाले. ६४ बिटच्या विंडोजने १६ बिटचे प्रोग्रॅम चालवणं सोडलं, त्यामुळे ज्या सॉफ्टवेअरचा नुसता इन्स्टॉलर १६ बिटचा होता तेही बसेना. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटचीच येते, म्हणजे तो दरवाजा कायमचा बंद. व्हिस्टापासून ६४ बिट विंडोजला सही केलेलेच ड्रायव्हर चालतात, म्हणून प्रिंटरच्या पोर्टला लावायचे जुने डाँगल गेले (आणि मग ते पोर्टही गेलं). पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, ही २००१ ची. त्याला युनिकोड कधी कळलंच नाही. इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाइली उघडायच्या, पुढच्यांनी ते बंद केलं. जानेवारी २०२३ पासून ॲडोबीने पोस्टस्क्रिप्ट टाइप-१ फॉन्टही सोडले. मराठी दैनिकांच्या जुन्या साइट आठवतात? प्रत्येकीचा फॉन्ट वेगळा, आणि तो पानाबरोबर आपोआप उतरवायची 'डायनॅमिक फॉन्ट'ची युक्ती मुख्यतः एक्सप्लोररमध्ये चालायची. एक्सप्लोरर गेला आणि त्या काळातली जतन केलेली पानं आज उघडली तर वाचता येत नाहीत.

यातला प्रत्येक निर्णय, वेगळा घेऊन पाहिला तर, मला इंजिनिअर म्हणून पटतो. जुने ड्रायव्हर म्हणजे सुरक्षेला भोक. १६ बिटचा थर किती वर्षं सांभाळायचा? मी स्वतः ऑफिसात असा जुना कोड आनंदाने उडवतो. पण रेडमंडच्या एखाद्या मीटिंगमध्ये 'हे कोण वापरतं?' असा प्रश्न निघाला असेल तेव्हा धुळ्याच्या एखाद्या गल्लीतली प्रेस तिथल्या कुणाच्या डोळ्यांसमोर येण्याचं कारणच नव्हतं. ती प्रेस मायक्रोसॉफ्टची मराठी वापरतच नव्हती. ती विंडोजची इंग्रजी वापरत होती, मराठी लिहायला!

धुळ्याला माझ्या मामांची अशी एक छोटी प्रेस आहे. कोपऱ्यात एक्सपीचं मशीन, त्याला नेट नाही, त्यावर ट्रेडल मशीनच्या काळातला असावा असा फडका. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, पण मामांचं काम चालूच होतं. गेल्या दिवाळीनंतर हार्ड डिस्कमधून खरखर यायला लागली तेव्हा मामांनी मला बोलावलं.

"नवीन मशीन घेतो. जुनं सगळं काढून टाकू, फक्त फाइली इकडे घे," मामा म्हणाले.

"मामा, फाइली घेतल्या तरी त्या वाचता येणार नाहीत."

"का रे? फॉन्ट पण घे की."

मुद्दा बरोबर होता. फॉन्टची फाइल कॉपी करून नव्या विंडोजवर टाकली की बऱ्याचदा अक्षर दिसतंही. पण दिसण्याच्या पुढे काही होत नाही. त्यात शोधता येत नाही, अनुक्रमणिका लावता येत नाही, मोबाइलवर पाठवता येत नाही, आणि ज्या दिवशी तो फॉन्ट हरवेल त्या दिवशी मजकूरही हरवला. सगळ्यात वाईट म्हणजे त्यातली एक फाइल अशी होती जिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. एका निवृत्त गुरुजींनी आसपासच्या खेड्यांत फिरून बायकांकडून जमवलेली अहिराणी गाणी आणि म्हणी. गुरुजी आता नाहीत. छापील प्रती केव्हाच वाटल्या गेल्या, प्रेसमध्येही एक उरलेली नाही.

मग काम काढलं रूपांतराचं. तुकड्यांच्या फॉन्टमधून युनिकोड करायचं म्हणजे नुसतं याच्या जागी ते असं नाही. जुन्या फाइलीत 'स्थिती' हा शब्द आधी वेलांटी, मग अर्धा स, मग थ असा असतो. ती वेलांटी उचलून अख्ख्या 'स्थ'च्या पलीकडे ठेवावी लागते. रफार उलटा. 'कर्म'मध्ये तो म च्या नंतर टाइप केलेला असतो, त्याला म च्या आधी आणायचं. 'सर्वांना'मध्ये रफार आणि अनुस्वार मिळून एकच तुकडा. पायथनमध्ये तक्ता आणि नियम लिहायला मला दोन वीकेंड लागले. एक तयार कन्व्हर्टरही वापरून पाहिला, पण तो हिंदीसाठी केलेला. त्याला आपला चंद्रकोरीसारखा अर्धा र, 'ऱ्य'-'ऱ्ह'मधला, ठाऊकच नव्हता. त्याने सगळीकडे ह च्या डोक्यावर रफार चढवला. प्रमाण मराठीत हे चार-दोन शब्दांपुरतं असतं. अहिराणीत 'ऱ्हायना', 'ऱ्हायनी', 'ऱ्हास' पानोपानी! एका पानावर इतके रफार झाले की मजकूर संस्कृत वाटायला लागला.

माझ्या नियमांनी ते सुटलं, पण मग दुसरी अडचण. बरोबर झालं की नाही हे तपासणार कोण? प्रमाण मराठीला निदान शब्दकोश तरी आहे, स्पेलचेकर आहे. अहिराणीचा स्पेलचेकर माझ्याकडे कुठून येणार? शेवटी मामा आणि मी रात्री बसलो. मी मोठ्याने वाचायचो आणि मामा ऐकायचे. (मी जळगावचा, त्यातून पुण्यात नोकरीला, माझी अहिराणी कच्ची.) मध्येच मामा थांबवायचे. "अरे, इथे 'ऱ्हायना' नको, 'ऱ्हायनी' पाहिजे. बाई बोलतेय ना!" मूळ फाइलीत पाहिलं तर तिथे 'ऱ्हायनी'च होतं, माझ्या तक्त्यात त्या फॉन्टची दुसऱ्या प्रकारची दीर्घ वेलांटी चुकीच्या खान्याला लावली गेली होती. ती दुरुस्त केल्यावर अख्ख्या पुस्तकातल्या बायका पुन्हा बायका झाल्या.

धुळ्यात बसून हे करताना राजवाड्यांची आठवण येणं अपरिहार्य होतं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी वाड्यावाड्यांतून जुनी दफ्तरं गोळा केली, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड १८९८ पासून छापले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच देह ठेवला. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे. त्यांनी जमवलेल्या कागदांत मोडीचा भरणा मोठा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून आणि कचेऱ्यांतून बाहेर पडली. निर्णयामागची कारणं आमच्या मीटिंगमधल्यासारखीच होती: छपाईला गैरसोयीची, दोन लिप्या सांभाळायचा ताप. कागद कुणी जाळले नाहीत. फक्त वाचणारा थर काढला. आणि २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा राज्यभर मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. युनिकोडमध्ये मोडी आली ती २०१४ मध्ये, आवृत्ती ७.० मध्ये.

युनिकोडचा एक नियम मला या संदर्भात फार आवडतो. तिथे एकदा घेतलेलं अक्षर कधीच काढत नाहीत. फार तर 'वापरू नका' असा शेरा मारतात, पण जागा तीच राहते. भर मात्र पडते. आपल्या 'ॲ'ला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्यामुळे त्याआधीच्या मजकुरात 'ऍ' दिसतो आणि कडक एक्सपीवर नवा 'ॲ' नुसता चौकोन दिसतो.

आणि आता मंगलचं ऐका. विंडोज ८ पासून 'निर्मला' हा नवा फॉन्ट आला आणि विंडोज १० मध्ये मंगलला ऐच्छिक भागात टाकलं. म्हणजे ज्या फॉन्टने विंडोजवर मराठी आणली तोच अडगळीत गेला. तुमच्या नव्या मशीनवर तो बहुधा नसेल, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागला नसेल. मंगलमध्ये लिहिलेली फाइल उघडते, अक्षराचं वळण थोडं बदलतं, मजकूर जागच्या जागी. मामांच्या मशीनवरचा फॉन्ट काढला तर मजकूरच नाहीसा होतो. वस्तू एकाच प्रकारची, काढण्याची पद्धतही एकच, आणि परिणामात एवढा फरक, कारण एका ठिकाणी मजकूर फॉन्टपासून वेगळा ठेवला होता आणि दुसऱ्या ठिकाणी नाही.

यात एक विचित्र गोष्ट लक्षात आली. सर्वांत जुनी, म्हणजे जिस्ट कार्डाच्या काळातली इस्की फाइल जर कुणाकडे सापडली तर तिचं युनिकोड करणं मामांच्या फाइलींपेक्षा कितीतरी सोपं आहे. युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली. क्रम तोच, तत्त्वही तेच. चार-दोन अपवाद सोडले तर सरळ तक्ता लावायचा. अडचण आहे ती मधल्या पंधरा-वीस वर्षांची, आणि नेमकी त्याच वर्षांत आपल्याकडे पुष्कळ मराठी संगणकावर लिहिली गेली.

तर फोन करणाऱ्या सगळ्यांना मी आता हेच सांगतो. जुनं विंडोज काढा, बिनधास्त काढा, नेटला जोडलेलं असेल तर आधी काढा. पण फॉरमॅट करण्याआधी फॉन्टच्या फोल्डरची प्रत घ्या, पेजमेकर-कोरलच्या मूळ फाइलींची घ्या, प्रत्येकीची पीडीएफ त्याच जुन्या मशीनवर काढा आणि कुठली फाइल कुठल्या फॉन्टमध्ये आहे ते एका कागदावर लिहून ठेवा. रूपांतर नंतर सवडीने करता येतं, पण कुठला फॉन्ट होता हे विसरलं की तक्ता कशाचा करणार?

मामांच्या डिस्कची अख्खी प्रतिमा काढून मी ती नव्या मशीनवर व्हर्च्युअल एक्सपी म्हणून चालवून दिली आहे. नेट बंद, डाँगलवाला प्रोग्रॅम तेवढा चालत नाही. अहिराणी गाण्यांचा मजकूर युनिकोडमध्ये झाला. पुस्तकातली शीर्षकं मात्र नक्षीदार फॉन्टमध्ये होती, त्याचा तक्ता तिसराच निघाला. ती एकेक करून मामा आता मोबाइलवर टाइप करताहेत, रोज दुपारी गिऱ्हाईक नसताना चार-पाच. 'ऱ्ह' कुठल्या बटणावर आहे ते मला दोनदा विचारून झालंय.